जुनाट वेदनेवरच्या उपचाराची चाचणी कशी आखावी

रक्तदाबाच्या औषधाची चाचणी असली की शेवटचा आकडा यंत्र देतं. वेदनेच्या चाचणीत तो आकडा ज्याला दुखतंय त्यालाच द्यावा लागतो. एमआरआयमध्ये मणक्याची चकती सरकलेली दिसते आणि माणूस मात्र मजेत चालत असतो. कुणाचा एमआरआय स्वच्छ असतो आणि त्याला रात्र रात्र झोप नसते. म्हणून रुग्ण रोज संध्याकाळी ० ते १० मधला जो आकडा सांगतो, त्यावरच सगळी चाचणी उभी राहते. तो आकडा निवड, भरती, औषध आणि विश्लेषण या प्रत्येक टप्प्यावर बिघडू शकतो, आणि बहुतेक वेळा तो कुणाच्या लबाडीने बिघडत नाही, ढिसाळ आखणीने बिघडतो. पुढची मांडणी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्या छोट्या गटासाठी आहे. मोठ्या कंपनीच्या चाचणीतही हेच खड्डे असतात.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘अमुक गोळी कंबरदुखीवर चालते का’ हा प्रश्न चाचणीसाठी अपुरा आहे. कोणाला, काय, कशाच्या तुलनेत, किती आठवड्यांनी आणि कोणत्या मोजमापावर, या पाचही गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. उदाहरणार्थ: ‘मधुमेहामुळे नसांना इजा होऊन किमान ६ महिने पाय दुखणाऱ्या प्रौढांमध्ये, अमुक डोसमधलं औषध प्लासिबोच्या तुलनेत १२व्या आठवड्यातली रोजची सरासरी वेदना किती कमी करतं?’ (प्लासिबो म्हणजे औषधासारखाच दिसणारा, पण औषध नसलेला उपचार.) हे वाक्य लिहिताना गटात वाद होतील. ते इथेच मिटवा, कारण भरती सुरू झाल्यावर ते मिटवायचे म्हणजे प्रोटोकॉल (चाचणीची आधी लिहून ठेवलेली योजना) फोडावा लागतो.

‘जुनाट’ याचा अर्थ आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ठरलेला आहे: ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना. चाचणीसाठी बरेच जण ६ महिन्यांची अट घालतात, कारण ३ महिन्यांच्या आसपासचे काही रुग्ण आपोआप बरे होण्याच्या वाटेवर असतात आणि ते दोन्ही गटांत सुधारणा दाखवतात.

वेगवेगळ्या जातीच्या वेदना एका टोपलीत घालू नका. सांध्याच्या झिजेची वेदना, नसेच्या इजेची वेदना आणि फायब्रोमायल्जियासारखी, ऊतींना किंवा नसांना ठळक इजा नसतानाही होणारी वेदना, या तिन्ही औषधाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. नसेची वेदना ओळखायला डीएन-४ ही छोटी प्रश्नावली पुरते. तिच्यात १० मुद्दे आहेत, त्यांपैकी ७ विचारायचे आणि ३ तपासून बघायचे असतात, आणि ४ किंवा जास्त गुण आले की नसेची वेदना असण्याची शक्यता मोठी. पण ही चाळणी आहे, निदान नाही. बधिर भाग त्या नसेच्या हद्दीत बसतो का, हे हाताने तपासायलाच हवं.

कशाची तुलना कशाशी

सर्वात सरळ रचना म्हणजे दोन समांतर गट: एकाला उपचार, दुसऱ्याला प्लासिबो किंवा चालू पद्धतीचा उपचार. पहिल्यांदाच चाचणी करणाऱ्यांनी हीच घ्यावी.

क्रॉसओव्हर रचनेत प्रत्येक जण आळीपाळीने दोन्ही उपचार घेतो. माणसाची तुलना स्वतःशीच होते, म्हणून सहभागी बरेच कमी लागतात. पण वेदना महिनोन्‌महिने स्थिर राहणारी हवी आणि पहिल्या औषधाचा असर दुसऱ्या फेरीत उतरता कामा नये. शिवाय फेऱ्या वाढल्या की माणसं गळतात. मॉर्फिन आणि गॅबापेन्टिन (नसेच्या वेदनेवरचं एक औषध) एकत्र देण्याच्या २००५ सालच्या प्रसिद्ध चाचणीत चार फेऱ्या होत्या. ५७ जण आत आले, ४१ जणांनी ती पूर्ण केली. व्यायाम, समुपदेशन, शस्त्रक्रिया यांसाठी क्रॉसओव्हरचा विचारही करू नये. शिकलेला व्यायाम दुसऱ्या फेरीत विसरता येत नाही.

तिसरी रचना अशी: सगळ्यांना आधी उघडपणे औषध द्यायचं, ज्यांना फरक पडला त्यांनाच पुढे घ्यायचं, आणि त्यांतल्या निम्म्यांचं औषध चिठ्ठीने ठरवून काढून प्लासिबो द्यायचा. यात फरक ठळक दिसतो, पण ‘शंभरातल्या किती जणांना उपयोग होईल’ हे त्यातून कळत नाही, कारण ज्यांना उपयोग नव्हता ते दारातच वगळलेले असतात. ओपिऑइडसारखं, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं, औषध काढलं की अंग मोडून येणं, घाम, बेचैनी सुरू होते. मग कोण कुठल्या गटात हे सगळ्यांना कळतं आणि औषध सुटल्याचा त्रास मूळची वेदना म्हणून मोजला जातो.

आधीच चांगला उपचार हाताशी असेल तर प्लासिबोऐवजी त्याच्याशी तुलना करणं रुग्णाच्या जास्त उपयोगाचं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेस’ चाचणीत पाठ, गुडघा किंवा खुब्याच्या जुनाट वेदनेचे २४० रुग्ण १२ महिने पाहिले. एका गटाला ओपिऑइड, दुसऱ्याला ओपिऑइड नसलेली औषधं. रोजच्या कामकाजात ओपिऑइडचा गट सरस ठरला नाही, आणि औषधाशी जोडलेले त्रास त्याच गटात जास्त निघाले. हा प्रश्न १२ आठवड्यांच्या प्लासिबो चाचणीतून सुटलाच नसता.

आकडा कसा विचारायचा

० ते १० ची मोजपट्टी वापरा. १०० मिलिमीटरची रेघ, जिच्यावर रुग्ण वेदनेएवढी खूण करतो, जुनी आणि बारीक आहे, पण वयस्कर माणसांना ती गोंधळात टाकते, फोनवर विचारता येत नाही आणि झेरॉक्स काढताना तिची लांबी बदलते.

प्रश्नाचे शब्द पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच हवेत. नमुना असा:

‘गेल्या २४ तासांत तुमची वेदना सरासरी किती होती? ० म्हणजे वेदना अजिबात नाही. १० म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल तितकी भयंकर वेदना. एकच पूर्ण आकडा सांगा.’

सरासरी, सर्वात जास्त आणि आत्ताची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. मुख्य मोजमापासाठी एकच निवडा. सहसा ‘२४ तासांतली सरासरी’ घेतात. झटक्याने कळ येणाऱ्या आजारात ‘सर्वात जास्त’ योग्य. ‘गेल्या महिन्यात किती दुखलं?’ असं कधीच विचारू नका. माणसाला महिना आठवत नाही. त्याला सर्वात वाईट दिवस आणि आजचा दिवस आठवतो, आणि त्या दोन्हींची खिचडी करून तो आकडा देतो.

रोज ठराविक वेळी विचारा, उदाहरणार्थ संध्याकाळी ७ ते १० च्या दरम्यान, आणि आठवड्याच्या ७ नोंदींची सरासरी घ्या. आठवड्यात किमान ४ नोंदी नसतील तर तो आठवडा ‘माहिती नाही’ असाच धरायचा, आणि हा नियम प्रोटोकॉलमध्ये आधी लिहायचा.

कागदी डायरी स्वस्त पडते, आणि तिथेच सर्वात मोठी फसगत होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेचे ८० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या कागदी डायरीच्या फोल्डरमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर गुपचूप बसवला होता, म्हणजे फोल्डर कधी उघडलं ते कळत होतं. रुग्णांनी परत दिलेल्या पानांवरून ९० टक्के नोंदी वेळेवर भरलेल्या दिसत होत्या. सेन्सरप्रमाणे खऱ्या वेळेवर भरलेल्या होत्या ११ टक्के. बाकीच्या नोंदी मागाहून, एका बैठकीत भरलेल्या. काही तर पुढच्या दिवसांच्याही आधीच भरून ठेवलेल्या. वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलेल्या दुसऱ्या निम्म्यांत वेळेवरच्या नोंदी ९४ टक्के होत्या. म्हणून मोबाइलवरचा फॉर्म, मेसेज किंवा ठराविक वेळेचा फोन, काहीही चालेल, पण नोंदीवर यंत्राने टाकलेली वेळ हवी आणि वेळ टळली की तो दिवस बंद झाला पाहिजे. मोबाइल नसलेल्या सहभागीला रोज फोन करणारी व्यक्ती नेमा, आणि ती उपचार देणाऱ्यांपैकी नसावी.

आकडा देणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे फार कमी गट ध्यानात घेतात. सुरुवातीला २०–३० मिनिटांचं प्रशिक्षण द्या. वेदना आणि त्रास यांतला फरक, पाय दुखतोय की आज मन उदास आहे, गुडघ्याची वेदना विचारलीय तर डोकेदुखी त्यात मिसळायची नाही, दिवसभरात चढ-उतार झाला तर सरासरी कशी काढायची. दोन-तीन काल्पनिक दिवस सांगून त्यांचा आकडा काढायला लावा. जो माणूस अंदाधुंद आकडे देतो, त्याच्या आकड्यांत औषधाचा खरा असरही बुडून जातो.

फक्त वेदनेचा आकडा पुरेसा नाही. २००३ साली ‘इम्पॅक्ट’ या तज्ज्ञ गटाने वेदनेच्या चाचण्यांसाठी सहा बाबी सुचवल्या, त्या आजही आधार म्हणून घेतात: वेदना, शारीरिक कामकाज, मनःस्थिती, रुग्णाच्या मते एकूण सुधारणा व समाधान, दुष्परिणाम, आणि किती जण आले-किती गळले याचा हिशेब. कामकाजासाठी ‘ब्रीफ पेन इन्व्हेंटरी’चे ७ प्रश्न घ्या. वेदना चालण्यात, कामात, झोपेत, नात्यांत वगैरे किती आड येते, ते त्यात विचारलेलं असतं. एकूण सुधारणेसाठी ‘खूपच बरं’ ते ‘खूपच वाईट’ असा ७ पायऱ्यांचा एकच प्रश्न. यापुढे प्रश्नावल्या वाढवण्याचा मोह टाळा. प्रत्येक भेटीत चाळीस मिनिटांचे फॉर्म भरायला लावले की शेवटची पानं डोळे मिटून भरली जातात.

भरतीच्या खोलीत काय घडतं

जवळजवळ प्रत्येक चाचणीत अट असते: सुरुवातीची वेदना ४ किंवा जास्त हवी. ही अट रास्त आहे. २ वरून खाली किती येणार? पण ती अमलात कशी येते ते बघा. समन्वयकाला महिन्याला ८ रुग्ण हवेत, आतापर्यंत ५ झालेत. समोरचा माणूस औषधाच्या आशेने आलाय. तो म्हणतो, ‘तीन, साडेतीन असेल.’ समन्वयक विचारते, ‘नीट आठवून सांगा, चार नाही का?’ तो म्हणतो, ‘हो, चार धरा.’ दोघांचाही हेतू चांगला. पण पुढच्या आठवड्यात, गरज संपल्यावर, तोच माणूस ३ सांगतो, आणि प्लासिबो घेतलेला असो वा औषध, एका अंकाची ‘सुधारणा’ फुकट मिळते.

यावर उपाय एकच: किती आकड्याला प्रवेश मिळतो हे भरती करणाऱ्यालाही कळू देऊ नका आणि रुग्णालाही. सगळ्यांकडून ७ दिवसांची डायरी घ्या, ती थेट डेटा सांभाळणाऱ्याकडे जाऊ द्या, आणि तिकडून फक्त ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढंच उत्तर यावं. तेच संमतीपत्रातही लिहा: ‘पात्रतेचे काही निकष चाचणी संपेपर्यंत सांगितले जाणार नाहीत.’ एथिक्स कमिटीला कारण समजावलं की सहसा हरकत येत नाही.

प्रामाणिक आकड्यांतही एक सापळा आहे. जुनाट वेदना चढते-उतरते, आणि माणूस दवाखान्यात येतो ती चढलेली असताना. काही आठवड्यांनी ती आपली आपण सरासरीकडे उतरते. म्हणूनच ‘आधी ७ होती, आता ५ आहे’ एवढ्यावरून उपचार चालला असं म्हणणाऱ्या, तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासाला किंमत शून्य.

त्या ७ दिवसांच्या डायरीतून आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांचे आकडे ३, ८, २, ९ असे उड्या मारतात, त्यांच्यात प्लासिबोचा प्रतिसाद जास्त दिसतो. काही गट अशांना वगळतात. पहिल्या छोट्या चाचणीत ते चालेल, पण मग निकाल ‘स्थिर वेदना असलेल्यांसाठी’ आहे असं स्पष्ट लिहा.

प्लासिबोचा प्रतिसाद आणि सॅम्पल साइज

१९९० ते २०१३ दरम्यानच्या नसेच्या वेदनेवरच्या ८४ चाचण्या तपासल्या, तेव्हा प्लासिबो गटातली सुधारणा वर्षांगणिक वाढत गेल्याचं दिसलं. औषधाच्या गटातली सुधारणा मात्र तितकी वाढली नाही, म्हणजे दोघांमधलं अंतर घटत गेलं. ही वाढ मुख्यतः अमेरिकेतल्या चाचण्यांत होती, आणि तिथल्या चाचण्या त्याच काळात जास्त मोठ्या आणि लांब होत गेल्या होत्या. ताजं उदाहरण सुझेट्रिजिनचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत या औषधाला तीव्र, म्हणजे नव्याने उद्भवलेल्या वेदनेसाठी मंजुरी मिळाली. पण कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट वेदनेवरच्या मधल्या टप्प्याच्या (फेज २) चाचणीत १२ आठवड्यांनी औषधाच्या गटात २.०२ अंकांची घट झाली आणि प्लासिबो गटात १.९८ ची. ती चाचणी दोन गटांची संख्याशास्त्रीय तुलना करण्यासाठी आखलेली नव्हती, तरी आकडे पुरेसे बोलके आहेत.

अपेक्षा कमी ठेवणं आपल्या हातात आहे. जाहिरातीत ‘नवं प्रभावी औषध’ असं लिहू नका. भेटीच्या वेळी सगळ्यांनी एकच ठरलेलं वाक्य बोलावं: ‘तुम्हाला कोणता उपचार मिळतोय ते आम्हालाही माहीत नाही. बरं वाटलं, वाटलं नाही, दोन्ही आम्हाला सारखंच उपयोगाचं आहे. जसं आहे तसं सांगा.’ ‘आता बरं वाटतंय ना?’ हा प्रश्न पूर्ण बंद. आपुलकीने वागायचं, पण उत्तर सुचवायचं नाही.

आता सॅम्पल साइजचा, म्हणजे किती सहभागी लागतील याचा, हिशेब. दोन गटांत १ अंकाचा फरक शोधायचा आहे, आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २.२ धरलं, ९० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) हवी आणि ५ टक्के पातळीची दुहेरी कसोटी (फरक नसताना कुठल्याही दिशेने तो दिसण्याची शक्यता ५ टक्के). प्रत्येक गटाची संख्या म्हणजे २ × (१.९६ + १.२८)² × २.२² ÷ १², म्हणजे सुमारे १०२. फरक ०.७ धरला तर तीच संख्या २०८ वर जाते, १.५ धरला तर ४६ वर येते. म्हणूनच छोटे गट १.५ धरण्याच्या मोहात पडतात. पण प्लासिबोच्या वर दीड अंकाचा फरक देणारी औषधं फारच थोडी आहेत. २० टक्के गळती धरायची असेल तर १०२ ला ०.८ ने भागा, उत्तर १२८. बरेच जण १.२ ने गुणून १२३ काढतात. त्यांतले २० टक्के गेले की ९८ उरतात, म्हणजे गरजेपेक्षा कमी. विश्लेषणात सुरुवातीचा आकडा सहचल म्हणून (गटांची तुलना करताना तो हिशेबात धरून) घेतला आणि त्याचा शेवटच्या आकड्याशी सहसंबंध ०.५ असला, तर १०२ च्या जागी ७७ पुरतात. ही बचत फुकट मिळते, ती सोडू नका.

व्यायाम किंवा समुपदेशन गटागटाने देत असाल तर आणखी एक गुणाकार लागतो. एकाच शिक्षकाकडे शिकलेल्या ८ जणांचे निकाल एकमेकांसारखे व्हायला लागतात. हे साम्य ०.०३ एवढं थोडं असलं तरी संख्या १ + ७ × ०.०३, म्हणजे १.२१ पट करावी लागते.

चिठ्ठी आणि ब्लाइंडिंग

कोण कोणत्या गटात जाणार याची यादी संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढावी, ४ आणि ६ जणांच्या मिश्र गठ्ठ्यांत (प्रत्येक गठ्ठ्यात दोन्ही गटांचे सारखे जण), आणि केंद्रानुसार वेगळी. पुढचा क्रमांक कोणत्या गटाचा हे भरती करणाऱ्याला कळता कामा नये. बंद पाकिटं वापरली की ती उजेडात धरून बघितली जातात किंवा क्रम बदलून उघडली जातात, म्हणून फोनवरून किंवा वेबवरून वाटप करा.

वेदनेच्या औषधांत ब्लाइंडिंग, म्हणजे कोण कुठल्या गटात हे कळू न देणं, फुटतं ते दुष्परिणामांमुळे. प्रेगाबॅलिनने चक्कर येते, अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं. तिसऱ्या दिवशीच रुग्ण म्हणतो, ‘मला खरी गोळी मिळालीय’, आणि पुढचा आकडा त्या विश्वासाने रंगतो. उपाय म्हणून काही चाचण्यांत प्लासिबोलाही थोडी गुंगी येईल असं करतात. वर सांगितलेल्या मॉर्फिन–गॅबापेन्टिन चाचणीत प्लासिबो म्हणून कमी मात्रेत लोराझेपाम दिलं होतं. हे जमणार नसेल तर निदान दुष्परिणाम विचारणारी व्यक्ती आणि वेदनेचा आकडा घेणारी व्यक्ती वेगळी ठेवा. आणि ‘तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटतं?’ हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात विचारा. शेवटी विचारला तर बरं वाटलेला माणूस ‘औषध’ म्हणतो, न वाटलेला ‘प्लासिबो’, आणि त्यातून ब्लाइंडिंगबद्दल काहीच कळत नाही.

शस्त्रक्रियेतही प्लासिबो शक्य असतो. २००२ साली गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला फक्त त्वचेवर छेद दिले होते. दुर्बिणीतून गुडघा साफ केलेल्या किंवा धुतलेल्या रुग्णांची वेदना त्या गटापेक्षा कमी झाली नाही. व्यायामाच्या चाचणीत मात्र सहभागीला काय चाललंय ते दिसतंच. तिथे तुलनेच्या गटालाही तितक्याच भेटी आणि तितकाच वेळ द्या, नाहीतर व्यायामाचा नव्हे, कुणीतरी लक्ष दिल्याचा परिणाम मोजाल.

बाकीची औषधं

आधीची वेदनाशामकं बंद करायची असतील तर साधारण पाच अर्धायुष्यांचा काळ जाऊ द्या (अर्धायुष्य म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ). अर्धायुष्य १२ तासांचं असेल तर ६० तास. ओपिऑइड, गॅबापेन्टिन, प्रेगाबॅलिन आणि नैराश्यावरची औषधं एकदम तोडायची नाहीत, ती हळूहळू उतरवावी लागतात. ती न तोडता, शेवटच्या ४ आठवड्यांत डोस बदललेला नसावा एवढीच अट घालणं बहुतेक वेळा जास्त सुरक्षित.

असह्य झालं तर घ्यायचं औषध दोन्ही गटांना द्यायलाच हवं. वेदनेत माणसाला तसंच ठेवणं चुकीचं आहे, आणि दिलं नाही तरी तो दुकानातून आणून घेईल आणि सांगणार नाही. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दिवसाला जास्तीत जास्त ६ गोळ्या, यकृत ठीक असल्याची खात्री करून. रोजच्या फॉर्ममध्ये ‘आज किती गोळ्या घेतल्या’ हा दुसराच प्रश्न ठेवा आणि भेटीला उरलेल्या गोळ्या मोजा. दोन्ही गटांची वेदना सारखी दिसली, पण प्लासिबो गटाने दुप्पट गोळ्या खाल्ल्या असतील, तर निकाल ‘फरक नाही’ असा होत नाही.

मधेच सोडून गेलेले

डोस हळूहळू वाढवण्याचा काळ सोडून पुढे १२ आठवडे, ही जुनाट वेदनेच्या औषध-चाचणीची रूढ लांबी आहे. एवढ्या काळात माणसं गळणारच. औषधाच्या गटातून दुष्परिणामांमुळे जातात, प्लासिबोच्या गटातून उपयोग नाही म्हणून. त्यामुळे गळती सारखी दिसली तरी कारणं वेगळी असतात.

जुन्या चाचण्यांत शेवटचा मिळालेला आकडाच पुढे ओढला जाई. दुसऱ्या आठवड्यात ७ वरून ४ वर आलेला, पण चक्कर सहन न होऊन औषध सोडलेला माणूस १२व्या आठवड्यातही ४ वरच धरला जाई. प्रत्यक्षात औषध सुटल्यावर तो पुन्हा ७ वर गेलेला असतो. ही पद्धत वापरू नका. २०१९ साली पक्क्या झालेल्या आयसीएच ई९ या, चाचण्यांच्या संख्याशास्त्रावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या, पुरवणीप्रमाणे आधीच ठरवा: औषध सोडलेल्याचा आकडा कसा धरायचा, जास्त पॅरासिटामॉल घेतलेल्याचा कसा, मधेच दुसरं औषध सुरू केलेल्याचा कसा. व्यवहारात न सोसल्यामुळे औषध सोडलेला माणूस ‘सुधारणा नाही’ असा धरणं रुग्णाच्या दृष्टीने खरं आहे. मुख्य पद्धतीशिवाय आणखी एक-दोन गृहीतकांवर निकाल टिकतो का तेही तपासा.

सर्वात उपयोगी गोष्ट मात्र साधी आहे: औषध सोडणं म्हणजे चाचणी सोडणं नव्हे. संमतीच्या वेळीच सांगा, ‘गोळी बंद केलीत तरी रोजचा आकडा देत राहा.’ फॉर्मवर या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या चौकटी ठेवा. एकच चौकट असली की समन्वयक औषध सोडलेल्याला फोन करणंच थांबवते.

धोके

मनःस्थितीसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरत असाल तर त्यातला नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. जुनाट वेदनेत हे विचार विरळा नाहीत. तो फॉर्म माणूस खोलीतून बाहेर पडण्याआधी कुणीतरी वाचलाच पाहिजे, आणि उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बोललं पाहिजे. मोबाइलवर भरला जात असेल तर ते उत्तर आल्या क्षणी सूचना जायला हवी. ही सोय नसेल तर ती प्रश्नावली घेऊ नका.

दुष्परिणाम आधी मोकळ्या प्रश्नाने विचारा, ‘गेल्या भेटीपासून काही वेगळं जाणवलं?’, मग औषधानुसार ठराविक यादी वाचा. वेदना कमी होणं हाही धोका ठरू शकतो. टॅनेझुमॅब हे औषध सांध्याच्या झिजेच्या वेदनेवर चालत होतं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब होऊ लागले, विशेषतः दाहशामक गोळ्या सोबत घेणाऱ्यांचे. २०१० साली अमेरिकेच्या नियामकाने चाचण्या थांबवल्या, नंतर त्या कडक देखरेखीत पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२१ मध्ये औषधाचा विकासच बंद झाला. ज्या औषधाचा सांध्यावर, यकृतावर किंवा हृदयावर असर शक्य आहे, तिथे वेदना उतरलेल्या रुग्णाचीही तपासणी चालू ठेवा.

आकडे मोजताना आणि लिहिताना

पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची सार्वजनिक नोंदणी करा. मोठी वैद्यकीय नियतकालिकं २००५ पासून त्याशिवाय लेख घेत नाहीत. मुख्य मोजमाप एकच, आणि विश्लेषणाची योजना डेटा उघडण्याआधी तारखेसह बंद करून ठेवा.

निकाल लिहिताना दोन वेगळ्या गोष्टी सर्रास एकमेकांत मिसळल्या जातात. २००१ साली १० चाचण्यांतल्या २,७२४ रुग्णांच्या आकड्यांवरून दिसलं, की एखाद्याची वेदना २ अंकांनी किंवा सुमारे ३० टक्क्यांनी उतरली की तो ‘बरंच बरं वाटतंय’ म्हणतो. हा एका माणसातला बदल झाला. दोन गटांच्या सरासरीतला फरक ०.८ आला, तो २ पेक्षा कमी आहे म्हणून ‘निरुपयोगी’ असं म्हणता येत नाही. काहींना ४ अंकांचा आराम आणि बाकीच्यांना शून्य, याची सरासरीही ०.८ येऊ शकते. म्हणून ३० टक्के आणि ५० टक्के आराम मिळालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत द्या, आणि जमलं तर ० ते १०० टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांचा आलेख काढा.

मग वाचकाला तुलना करता येते. नसेच्या वेदनेवरच्या २०१५ च्या मोठ्या आढाव्यात एका जास्तीच्या माणसाला साधारण निम्मा आराम मिळण्यासाठी ट्रायसायक्लिक (अमिट्रिप्टिलीनच्या जातीची) औषधं ३.६ जणांना द्यावी लागतात, प्रेगाबॅलिन ७.७ जणांना, असा हिशेब होता. तुमचा आकडा १२ आला तर तो १२ म्हणूनच छापा, सोबत त्याच्या अनिश्चिततेची मर्यादा द्या आणि किती जणांना चक्कर आली तेही त्याच तक्त्यात द्या.

शेवटच्या भेटीसाठी वेगळी योजना लागते आणि बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ती एका ओळीत उरकलेली असते. डोस किती दिवसांत उतरवायचा, त्या काळात कुणाला फोन करायचा, ज्याला खरंच आराम पडला त्याला ते औषध पुढे मिळेल का आणि कुणाच्या खर्चाने, हे संमतीपत्रात आधीच असू द्या. विश्लेषण संपलं की प्रत्येक सहभागीला दोन परिच्छेदांचं पत्र पाठवा: निकाल काय लागला आणि तो स्वतः कोणत्या गटात होता.